पगार बंद झाल्याचे पेढे

माणूस पार्टनर होतो एक एप्रिलला आणि पेढे वाटले जातात महिनाअखेरीला. सीएंच्या फर्ममध्ये हे असंच चालतं. आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, म्हणून भागीदारीचा करारनामा त्या तारखेपासून लागू करणं हिशेबाला सोयीचं. पण नेमकं त्याच दिवसांत बँकांच्या शाखांचं ऑडिट असतं. कागदोपत्री मालक झालेला माणूस त्या वेळी कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, शाखाधिकाऱ्याच्या टेबलासमोर, थकलेल्या कर्जांच्या याद्या तपासत बसलेला असतो. ते निस्तरून तो परत आला की मग कुणीतरी अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा एखादा शनिवार काढतं. हॉल ठरतो, आमरस-पुरीचं जेवण ठरतं, आईवडिलांना गावाहून बोलावलं जातं.

जेवणाला आलेले सगळेजण त्याचं बढतीबद्दल अभिनंदन करतात. एखादी मावशी हमखास विचारते, मग आता पगार किती झाला रे? खरं उत्तर असं, की पगार बंद झाला. नोकर म्हणून तो फर्ममधून बाहेर पडला आणि मालकांपैकी एक म्हणून आत आला. मधे एक दिवसाचीही रजा नाही. बाकी सगळ्या बढत्यांत हुद्दा बदलतो, नोकरी शिल्लक राहते. इथे नोकरीच संपते. म्हणून या समारंभाला बढतीचा म्हणणं मला पटत नाही. हा निरोपसमारंभ आहे, फक्त निरोप ज्याला द्यायचा तो सोमवारी त्याच खुर्चीत बसायला येणार असतो.

आपला भागीदारी कायदा १९३२ चा. त्याआधी हे नियम १८७२ च्या करार कायद्यातच एका प्रकरणात होते. १९३२ च्या कायद्याचं तेरावं कलम नव्या भागीदाराला कुणी पेढ्याच्या पुड्याबरोबर वाचायला देत नाही, पण द्यायला हवं. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागण्याचा हक्क नाही, असं ते सांगतं. नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखाच सोसायचा. व्यवहारात प्रत्येक करारनाम्यात 'वेगळं' ठरवलेलं असतंच आणि दरमहा ठरावीक रक्कम खात्यात जमाही होते. पण ती पगार नव्हे. १९७७ मध्ये आर. एम. चिदंबरम पिल्लै यांच्या आयकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सोडवून सांगितलं. भागीदाराचा 'पगार' हा नफ्याचाच एक भाग, कारण फर्म ही भागीदारांहून निराळी व्यक्ती नाही, आणि कोणी स्वतःच स्वतःचा नोकर होऊ शकत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात आगपेट्या बनवणाऱ्या एका फर्मचा खटला आला. तिथले भागीदार इतरांसारखेच राबत होते, मोबदला घेत होते. तेव्हा कर्मचारी राज्य विम्यासाठी त्यांना कर्मचाऱ्यांत मोजायचं का? न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं.

याचे परिणाम घरी पोचायला दोन-तीन महिने लागतात. भविष्यनिर्वाह निधीत फर्मचा वाटा जमा होणं थांबतं. ग्रॅच्युइटीचं मीटर बंद पडतं; झालेल्या नोकरीची रक्कम नियमात बसत असेल तर मिळते, पुढची नाही. पगारदाराला आयकरात मिळणारी सरसकट वजावट, नव्या करप्रणालीत ७५ हजारांची, हातची जाते. फॉर्म १६ येत नाही. जूनच्या पंधरा तारखेला पहिल्यांदा आगाऊ कराचा हप्ता स्वतः भरावा लागतो, मग सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला मिळणाऱ्या मोबदल्यावर आणि व्याजावर, वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं की, फर्मने दहा टक्के कर कापायचा असाही नियम आला आहे. आणि घरासाठी कर्ज काढायला हा नवा मालक बँकेत गेला, की तिथला अधिकारी पगारपत्रक मागतो. ते नाही म्हटल्यावर धंद्याची गेल्या काही वर्षांची विवरणपत्रं मागतो. तीही नसतात. मागच्या वर्षी नोकर असताना ज्याला कर्ज हसत मिळालं असतं, त्याला मालक झाल्यावर थांबायला सांगतात.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या फर्मचा असा समारंभ मी पाहिला. नवा भागीदार पस्तिशीच्या आतला, बाहेरगावाहून शिकायला आलेला. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, याच फर्ममध्ये केलेली, तेव्हा ती तीन वर्षांची असे. २०२३ पासून दोन वर्षांची झाली आहे. पास झाल्यावर इथेच नोकरी. शाल-श्रीफळ झालं, संस्थापक बोलले, वडिलांना पुढे बोलावून त्यांनाही शाल दिली गेली. हे सगळं कुठल्याही सत्कारासारखंच. मी बघत होतो ते वेगळंच, कोण कुणाला काय म्हणतो ते. इतकी वर्षं संस्थापकांसाठी तो 'अरे' होता. भाषणात ते त्याला 'आमचे नवे भागीदार' म्हणाले, 'हे' म्हणाले, आणि जेवताना आमरसाची वाटी पुढे करत पुन्हा 'अरे घे की' वर आले. ऑफिसच्या शिपायाने मात्र एका दिवसात 'दादा'चं 'साहेब' केलं. आणि ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी त्याला 'सर' म्हटलं. तो इतका ओशाळला की त्याने त्यांना वाकून नमस्कारच केला.

हे काका फर्ममध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून. व्हाउचर कसं तपासायचं, कुठल्या पेढीचा मालक खरी वही दुसऱ्या भेटीत काढतो, कुठल्या कारखान्याच्या गोदामात माल मोजायला सकाळीच जायचं, हे त्याला काकांनीच शिकवलेलं. अशी माणसं प्रत्येक जुन्या फर्ममध्ये असतात. बी.कॉम. झालेली, सीएच्या परीक्षेत एखादा ग्रुप राहून गेलेली, किंवा परीक्षेच्या वाटेलाच न गेलेली. क्लायंट फोन करतात तो त्यांना. आणि सीए फर्ममध्ये ती भागीदार होऊ शकत नाहीत. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या अनुसूचीतच तशी मनाई आहे: सीएने सीएशी किंवा नियमांत बसणाऱ्या ठरावीक व्यावसायिकांशीच भागीदारी करायची आणि व्यवसायाच्या नफ्याचा वाटा इतरांना द्यायचा नाही. या नियमामागचं कारण मला समजतं, ऑडिटच्या सहीची जबाबदारी परीक्षा पास झालेल्यावरच असावी. तरीही काकांच्या पंक्तीला बसून त्या नियमाचं समर्थन करायची माझी तयारी नाही.

किराणा, कापड, हॉटेल अशा साध्या धंद्यांत ही आडकाठी नाही. तिथे मुनीम किंवा मॅनेजर भागीदार होऊ शकतो आणि अनेक जण झाले. पण तिथे दुसरीच गंमत आहे. मालक दिवाळीला खूश होऊन म्हणतो, यंदापासून नफ्यात तुझे दोन आणे. माणूस घरी जाऊन सांगतो, मी भागीदार झालो. भागीदारी कायद्याचं सहावं कलम म्हणतं, नाही झालास. नोकराला मोबदला म्हणून नफ्याचा हिस्सा दिला एवढ्याने तो भागीदार ठरत नाही. धंदा सगळ्यांच्या वतीने चालतो का, तुझ्या सहीने बाकीचे बांधले जातात का, हे बघावं लागतं. हा विचार इंग्लंडमधल्या १८६० च्या कॉक्स विरुद्ध हिकमन खटल्यापासून चालत आला आहे. त्याच इंग्लंडमध्ये, १८४३ साली, डिकन्सने आपल्या गोष्टीतल्या कंजूष स्क्रूजला एका रात्रीत पश्चात्ताप करायला लावला होता. सकाळी उठल्यावर तो आपल्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, पगार वाढवतो, त्याच्या घरच्यांना मदत करायचं म्हणतो; पेढीच्या पाटीवर त्याला घेत नाही. बॉबला भागीदारी मिळायला १९८३ सालची डिस्नेची मिकी माऊसवाली छोटी फिल्म यावी लागली. डिकन्सने वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली होती. पगारवाढ आणि भागीदारी यांतलं अंतर त्याला डिस्नेपेक्षा जास्त ठाऊक असणार.

पाटीवरच्या नावापेक्षा मोठी गोष्ट सहीची. आर्टिकल असल्यापासून जी ऑडिट्स हा नवा भागीदार करत आला, ज्यांचे कागद त्याने लावले, ज्या कंपनीच्या साठ्याबद्दल त्यानेच शंका काढली, त्या सगळ्या अहवालांखाली इतकी वर्षं सही दुसऱ्याची होती. कंपनी कायद्याप्रमाणे ऑडिट फर्मच्या वतीने फक्त सीए असलेला भागीदारच सही करू शकतो. २०१९ पासून प्रत्येक अहवालावर, प्रमाणपत्रावर अठरा अंकांचा यूडीआयएन घालावा लागतो. सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर तो काढायचा, म्हणजे कुठल्या कागदावर कुणी सही केली हे कायमचं नोंदलं जातं. पहिला यूडीआयएन काढताना हात थरथरला, असं मला एकाने नव्हे, बऱ्याच जणांनी सांगितलं. परीक्षेचा निकाल बघतानाही इतकं झालं नव्हतं म्हणे.

आणि फर्मला नवी सही हवीच असते. इथे थोडं रोखठोक बोलायला हवं, कारण सत्काराच्या भाषणांत हे कधी येत नाही. एका सीएला वर्षात साठच टॅक्स ऑडिट करता येतात, आणि कंपन्यांची ऑडिट्स, काही लहान प्रकार वगळता, वीसच. ही मर्यादा दर भागीदारामागे मोजतात. भागीदार एक वाढला की फर्मची मर्यादा तेवढ्याने वाढते. सरकारी कंपन्यांची कामं मिळण्यासाठी कॅगकडे नोंदणी करताना भागीदार किती आणि किती वर्षं टिकलेले, याला गुण असतात. संस्थापकांचं वय वाढत चाललेलं असतं. हाताखालचा हुशार मुलगा उद्या स्वतःची फर्म काढून चार क्लायंट घेऊन गेला तर, ही धास्ती असते. त्याच्यावरचा जिव्हाळा खरा असतो, आणि हा हिशेबही खरा असतो. दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं. फक्त व्यासपीठावर एकच बोललं जातं.

सहीबरोबर जे येतं त्याचा अंदाज ७ जानेवारी २००९ नंतर आख्ख्या व्यवसायाला आला. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ताळेबंदातली रोकड खोटी असल्याचं पत्र लिहिलं, आणि काही दिवसांत ऑडिटवर सह्या करणारे दोघे अटकेत होते. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना इतरांबरोबर दोषी ठरवलं. २०१८ पासून एनएफआरए हे स्वतंत्र नियामक प्राधिकरण आलं आहे. गैरवर्तन सिद्ध झालं तर ते सही करणाऱ्या व्यक्तीला किमान एक लाख आणि वर फीच्या पाचपटीपर्यंत दंड करू शकतं, सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत व्यवसायाबाहेर ठेवू शकतं. हे फर्मच्या दंडाहून वेगळं, नावानिशी.

मग पैशाचा भाग. भागीदाराने भांडवल आणायचं असतं. छोट्या फर्ममध्ये ही रक्कम फार नसते, मोठ्या ठिकाणी डोळे पांढरे होतात. कुणी वडिलांची ठेव मोडतो, कुणी कर्ज काढतो, कुठे फर्मच सांगते की पहिली काही वर्षं नफ्यातला हिस्सा उचलू नकोस, तेच तुझं भांडवल. म्हणजे 'बढती' मिळाल्यावर घरात येणारा पैसा आधीपेक्षा कमी. बायकोला हे समजावणं करारनामा समजावण्यापेक्षा अवघड गेलं, असं सांगणारे भेटतात. भागीदारी कायद्याचं पंचविसावं कलम तर भांडवलापाशीही थांबत नाही: प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार. फर्म बुडाली तर राहता फ्लॅटही त्यात येऊ शकतो. एवढाच दिलासा की एकतिसाव्या कलमाप्रमाणे तो यायच्या आधीच्या देण्यांचा बोजा त्याच्यावर पडत नाही. आणि त्याच कलमाने, वेगळा करार नसेल तर, सगळ्या भागीदारांची संमती असल्याखेरीज नवा घेता येत नाही. बहुमत चालत नाही. एकाने मान हलवली की आमरस रद्द.

नोकराचा भागीदार झाल्याची सगळ्यात झगझगीत गोष्ट न्यूयॉर्कची सांगतात. ब्रुकलिनचा सिडनी वाइनबर्ग १९०७ मध्ये गोल्डमन सॅक्स या पेढीत झाडलोट करणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागला, पिकदाण्या साफ करायचा. १९२७ मध्ये तो तिथे भागीदार झाला. गोष्ट इथे थांबवली की छान वाटते, आणि बहुतेक जण थांबवतात. पण १९२८ च्या डिसेंबरात त्याच पेढीने एक गुंतवणूक कंपनी काढली, १०४ डॉलरला तिचे समभाग विकले, आणि १९२९ च्या पडझडीनंतर काही वर्षांत ते दोन डॉलरच्याही खाली गेले. भागीदारांचा पैसा गेला आणि पेढीची अब्रूही. पिकदाण्या साफ करणाऱ्याला मालकी मिळाली ती अशा मुहूर्तावर. १९३० पासून त्यानेच ती पेढी सावरली आणि १९६९ पर्यंत चालवली. १९९९ मध्ये गोल्डमन सॅक्स शेअर बाजारात नोंदली गेली. आजही तिथे दर दोन वर्षांनी नवे 'पार्टनर' जाहीर होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. पण आता ते एका नोंदणीकृत कंपनीचे वरिष्ठ नोकर. नाव मागे उरलं, घर गहाण पडण्याची भीती गेली.

आपल्याकडच्या मोठ्या सल्लागार आणि वकिली फर्ममध्येही असाच एक मधला वर्ग तयार झाला आहे: सॅलरीड पार्टनर. व्हिजिटिंग कार्डावर पार्टनर, करारनाम्यात नफ्याचा वाटा नाही किंवा नावापुरता. इंस्टाग्रामवर अभिनंदनाचा पाऊस, घरच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. काही वर्षं पारखून मग खरा वाटा द्यायचा, हा शहाणपणाचा मार्गही असू शकतो. पण १९३२ च्या कायद्याचं अठ्ठाविसावं कलम इथे दबा धरून आहे. जो स्वतःला भागीदार म्हणवू देतो, आणि ते खरं धरून कुणी फर्मला उधारी देतो, त्या उधारी देणाऱ्यापुरता तो भागीदारासारखाच जबाबदार. नफा नाही, पण जबाबदारी आहे, अशी ही अवस्था. २००८ च्या कायद्याने एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या, आल्या आणि जबाबदारी भांडवलापुरती मर्यादित झाली, म्हणून बऱ्याच जणांची झोप परतली. स्वतःच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी मात्र तिथेही स्वतःचीच.

बायकांच्या बाबतीत या बढतीचा मुहूर्त फारच वाईट पडतो. आर. शिवभोगम या १९३३ मध्ये लेखापालाची पदविका मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्यानंतर या व्यवसायात बायका आल्या, आता सीएच्या वर्गांत मुली भरपूर दिसतात. भागीदारी देऊ केली जाते ती साधारण तिशी ते पस्तिशीत. मुलंही तेव्हाच होतात. नोकरीत असती तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेली, पहिल्या दोन मुलांसाठीची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा तिचा हक्क होता. भागीदार झाल्या दिवशी तो गेला, कारण ती आता वेतनावर नाही. मालकीण स्वतःला रजा देणार कशी? करारनाम्यात तसं कलम असेल तरच तिचा मासिक मोबदला त्या काळात चालू राहतो. असं कलम घालणाऱ्या फर्म आहेत. मुंबईत फोर्टातल्या एका वकिली फर्ममधल्या भागीदार बाईंनी मला सांगितलं की कराराचा मसुदा आला तेव्हा त्यांनी नफ्याच्या टक्केवारीआधी हेच शोधलं. मिळालं नाही, म्हणून स्वतः लिहून दिलं. ते वाचून बाकीच्या भागीदारांत बराच वेळ शांतता होती. त्यांच्यापैकी कुणाला हा प्रश्न कधी पडलेलाच नव्हता. कलम राहिलं.

भागीदारी कायद्याच्या बाराव्या कलमातला हक्क मात्र खराखुरा नवा असतो, आणि त्याने होणारा धक्काही. भागीदाराला फर्मच्या वह्या पाहायचा, त्यांच्या नकला काढायचा अधिकार आहे. दहा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासणारा माणूस पहिल्यांदा आपल्याच फर्मची वही उघडतो. कोण किती उचलतो, कुठल्या क्लायंटकडून फी आलेलीच नाही, संस्थापकांच्या घरच्या गाडीचा खर्च कुठे पडतो, सगळं दिसतं. आणि दिसतो तो संस्थापकांच्या मुलाचा किंवा सुनेचा वाटा. मुलगा त्याच्याहून तीन वर्षांनी पास झालेला असतो आणि वाटा तिप्पट असतो. महाराष्ट्रातल्या जुन्या फर्ममध्ये भागीदार दोन जातींचे, घरचे आणि बाहेरचे. करारनाम्यात हा भेद कुठे लिहिलेला नसतो, टक्केवारीत वाचता येतो. संस्थापकांच्या बाजूनेही म्हणण्यासारखं आहे: नाव त्यांनी कमावलं, जागा त्यांची, सुरुवातीचे कोरडे दिवस त्यांनी काढले. ज्या फर्म टिकल्या त्यांनी हा विषय करारनामा करतानाच, आकडे समोर ठेवून, बोलून घेतला, असं दिसतं. ज्यांनी 'आपल्यात काय ठरवायचं' म्हणून पुढे ढकलला, त्यांच्या फुटण्याच्या कथा पुण्यातल्या प्रत्येक सीएला पाठ आहेत, सालासकट.

येणं असं साजरं होतं. जाण्याची रीत कायद्यानेच घालून दिली आहे. नोंदणी झालेल्या फर्ममधून भागीदार निवृत्त झाला, तर फर्मच्या निबंधकांना कळवायचं, राजपत्रात द्यायचं, आणि त्या भागातल्या निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापायची. तोवर त्याला भागीदार समजून व्यवहार करणाऱ्यांना तो बांधील राहतो. छोट्या जाहिरातींच्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या आणि नाव बदलल्याच्या नोटिसांमध्ये, अधूनमधून ती चौकट दिसते: अमुक तारखेपासून अमुक यांचा सदर फर्मशी काहीही संबंध राहिलेला नाही, तरी कोणी व्यवहार केल्यास फर्म जबाबदार राहणार नाही. तिचं बिल सहसा जाणाराच भरतो, आणि पेपर उघडून ती छापून आली की नाही हे सकाळी आधी तपासतो.